नावाने शोधलं तर साइट सापडते, कामाने शोधलं तर नाही. सुरुवात कुठून करायची?

रंधाकरवत

फर्निचर दुरुस्तीच्या छोट्या व्यवसायाची वर्डप्रेसवरची साइट आहे. मुखपृष्ठ, ‘आमच्याबद्दल’, ‘आमच्या सेवा’, फोटोंचं दालन, संपर्क आणि चार-पाच ब्लॉगपोस्ट एवढाच पसारा. गुगलवर व्यवसायाचं नाव टाकलं की साइट सर्वांत वर येते. ‘सोफा दुरुस्ती’, ‘लाकडी फर्निचर पॉलिश’ असं काही लिहून पुढे शहराचं नाव टाकलं तर पहिल्या पाच पानांत पत्ता नाही.

गुगलचं सर्च कन्सोल (साइट शोधात कशी दिसते ते दाखवणारं साधन) जोडलेलं आहे. त्यात ‘क्रॉल्ड – करंटली नॉट इंडेक्स्ड’खाली (गुगलने वाचलेली, पण यादीत न घेतलेली पानं) बरेच पत्ते दिसतात. पेजस्पीड या गुगलच्या वेगचाचणीत मोबाइल स्कोअर 100 पैकी 38. साइट मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत आहे, वरच्या कोपऱ्यातल्या बटणाने भाषा बदलते.

एका एजन्सीचा प्रस्ताव आला आहे: महिन्याला 500 बॅकलिंक (दुसऱ्या साइटवरून आपल्याकडे येणाऱ्या लिंका), सगळ्या पानांना मेटा कीवर्ड (पानाच्या कोडमधली शब्दांची यादी) आणि सहा महिन्यांत पहिल्या पानाची लेखी हमी. घ्यावा का? आणि स्वतःच करायचं झालं तर कुठलं काम आधी, कुठलं नंतर? हाताशी वेळ थोडा आहे, म्हणून क्रम विचारतोय.

अनुक्रमणिका

एजन्सीला तूर्त थांबवा, त्यावर इथे कुणी ना कुणी लिहीलच.

क्रम ठरवायचा तर गाडं कुठे अडलंय ते आधी शोधायला हवं. शक्यता चार. गुगल पानापर्यंत पोचतच नाही. पोचतो, पण पान इंडेक्समध्ये, म्हणजे आपल्या यादीत, घेत नाही. घेतो, पण त्या शोधाला ते पान पुढे करत नाही. पुढे करतो, पण कुणी टिचकी मारत नाही. चारही अडचणी बाहेरून सारख्याच दिसतात, ‘आमची साइट येत नाही’ अशा. उपाय मात्र एकमेकांच्या कामाला येत नाहीत.

नावाने साइट येते म्हणजे मुखपृष्ठ इंडेक्समध्ये आहे. बाकी पानांसाठी ‘साइट:’ लावून शोधू नका, ती यादी पुरी नसते. सर्च कन्सोलच्या वरच्या पट्टीत एकेका पानाचा पूर्ण पत्ता टाका. पान इंडेक्समध्ये आहे का, शेवटचं क्रॉल कधी झालं आणि ‘गुगल-सिलेक्टेड कॅनॉनिकल’समोर (गुगलने मूळ धरलेलं पान) कुठला पत्ता आहे, हे बघा. तिथे भलत्याच पानाचा पत्ता असेल तर गुगलने दोन्ही पानं एकच धरून त्यातलं एक ठेवलेलं असतं.

‘क्रॉल्ड – करंटली नॉट इंडेक्स्ड’ची धास्ती नको, पण यादी उघडून पत्ते वाचा. वर्डप्रेसमध्ये तिथे बहुतेकदा अडगळ असते: टॅगची पानं, लेखकाचं पान, फीडचे पत्ते आणि प्रत्येक फोटोचं स्वतंत्र अटॅचमेंट पान. 6.4 आवृत्तीपासून नव्या साइटवर ही अटॅचमेंट पानं बंदच असतात. त्याआधी उभ्या केलेल्या साइटवर ती चालू राहतात. तुमच्याकडे फोटोंचं दालन आहे, तेव्हा हीच शक्यता जास्त. असली पानं इंडेक्सबाहेर राहिली तर बिघडत काहीच नाही. ‘आमच्या सेवा’ त्या यादीत असेल तर मात्र विचार करा. तिथे सहसा तांत्रिक दोष नसतो. गुगलने पान वाचलं आणि ठेवण्याजोगं त्याला वाटलं नाही, इतकंच. ‘रिक्वेस्ट इंडेक्सिंग’ पुन्हा पुन्हा दाबून त्याचं मत बदलत नाही, पानात काही भर पडली तर बदलू शकतं.

‘डिस्कव्हर्ड – करंटली नॉट इंडेक्स्ड’ हे वेगळं प्रकरण. पत्ता कळलाय, पण वाचायला अजून कुणी आलेलं नाही. इतक्या लहान साइटवर ते दिसलं तर बहुधा त्या पानाकडे साइटच्या आतून एकही लिंक नसते, नाव फक्त साइटमॅपमध्ये, म्हणजे पानांच्या यादीच्या फाइलमध्ये, असतं.

आता नोइंडेक्स (पानाच्या कोडमधली खूण) आणि रोबोट्स.टीएक्सटी (सर्च इंजिनांसाठीच्या सूचनांची फाइल). यात घोळ हमखास होतो. रोबोट्समधला ‘डिसअलो’ म्हणतो, पान वाचू नकोस. नोइंडेक्स म्हणतो, वाच, पण यादीत घेऊ नकोस. दोन्ही एकदम लावले की गुगलला पान वाचताच येत नाही, त्यामुळे आतला नोइंडेक्सही दिसत नाही, आणि बाहेरून कुणी लिंक दिलेली असेल तर वर्णनाशिवाय नुसता पत्ता निकालांत येऊन बसू शकतो. नोइंडेक्स हा शब्द रोबोट्स.टीएक्सटीमध्येच लिहायची जुनी युक्ती गुगल 2019 पासून मानत नाही. वर्डप्रेसच्या सेटिंग्ज → रीडिंगमध्ये सर्च इंजिनांना दूर ठेवणारी एक चौकट असते. साइट बनत असताना तिच्यावर टिक करतात आणि नंतर काढायची राहते. तुमचं मुखपृष्ठ येतंय, म्हणजे ती टिक नाही. पण एसईओचं (साइट शोधात वर आणण्याच्या कामाचं) प्लगइन असेल तर त्यात प्रत्येक पानाला वेगळा नोइंडेक्स लावता येतो, तो बघून घ्या.

साइटमॅपवर फार वेळ घालवू नका. 5.5 पासून वर्डप्रेस तो स्वतःच बनवतं. प्लगइन असेल तर त्याचा वेगळा असतो. सर्च कन्सोलमध्ये जो चालू असेल तोच द्या. त्यातल्या प्रायॉरिटी आणि चेंजफ्रीक या नोंदी गुगल बघतच नाही. लास्टमॉड बघतो, तेही तारखा खऱ्या असल्याचं त्याला दिसत आलं असेल तरच.

पाऊणएक

स्पीड 90 च्या वर गेल्याशिवाय बाकी सगळं फुकट. एक कॅशिंग प्लगइन (तयार पान साठवून ठेवणारं), एक इमेज ऑप्टिमायझर आणि एक मिनिफाय करणारं (कोड आक्रसणारं) टाका. आधी ते करा, मग बाकीच्या गप्पा.

तिरपाकंस

पाऊणएक, सपशेल असहमत. तो स्कोअर गुगल क्रमवारीत वापरतच नाही. पेजस्पीडच्या पानावर दोन वेगवेगळी मापं असतात. वरचं खऱ्या वापरकर्त्यांकडून आलेलं, मागच्या 28 दिवसांचं. खालचं, म्हणजे तो 38, एका मध्यम मोबाइलची आणि संथ नेटची नक्कल करून त्या क्षणी केलेली चाचणी. पुन्हा चालवली तर आकडा पाच-दहाने हलतो. लहान साइटला वरचं माप बहुधा मिळतच नाही, कारण तेवढी भेट देणारी माणसं नसतात.

क्रमवारीत जे धरतात ते कोअर वेब व्हायटल्स, खऱ्या वापरातले: मुख्य घटक दिसायला 2.5 सेकंदांच्या आत, टिचकीला प्रतिसाद 200 मिलिसेकंदांच्या आत, मजकुराची उडी 0.1 च्या आत, आणि हे 100 पैकी 75 भेटींत साधलेलं हवं. प्रतिसादाचं माप, आयएनपी, मार्च 2024 मध्ये जुन्या एफआयडीच्या जागी आलं. अजूनही एफआयडीबद्दल सांगणारा लेख दिसला तर तो जुना समजा. आणि हे सगळं धरूनही वेगाचं वजन बेताचंच. संथ पण नेमकं उत्तर देणारं पान, वेगवान पण पोकळ पानाच्या वर राहू शकतं.

तरी 38 तसाच सोडू नका, कारण मोबाइलवर ताटकळलेला माणूस परत जातो. तीन प्लगइन मात्र नकोत. कॅशिंग आणि मिनिफाय दोन्ही करणारी दोन प्लगइनं एकत्र आली की स्क्रिप्टचा क्रम बिघडतो, मेन्यू उघडायचा थांबतो आणि दोष कुणाचा ते शोधण्यात संध्याकाळ जाते.

खरा गुन्हेगार मुखपृष्ठावरचा स्लायडर, म्हणजे फिरत्या फोटोंची पट्टी, असणार. मोबाइलवर काढलेला फोटो 4000 पिक्सेल रुंद आणि 3–5 एमबीचा असतो. चढवण्याआधीच तो 1600 पिक्सेलवर आणा आणि वेबपी या हलक्या फोटो-प्रकारात 75–80 गुणवत्तेने साठवा; साधारण दीड-दोनशे केबीत बसतो. वर्डप्रेस 5.8 पासून वेबपी थेट घेतं. स्लायडर काढून एकच स्थिर फोटो ठेवा. दुसरी-तिसरी पाटी बघायला कुणी थांबत नाही, डाउनलोड मात्र सगळ्या होतात.

एक बारीक गोष्ट: सगळ्यात वरच्या त्या मोठ्या फोटोला लेझी लोडिंग (फोटो गरज पडेल तेव्हाच मागवणं) असू नये. ब्राउझर मग मांडणी पूर्ण होईपर्यंत तो मागवतच नाही, आणि 2.5 सेकंदांच्या मापात मोजला जाणारा घटक बहुधा तोच फोटो असतो. वर्डप्रेसचं स्वतःचं लेझी लोडिंग पहिल्या फोटोला सहसा वगळतं, पण इमेज प्लगइन किंवा थीम सरसकट लावते. सीएसएसमधून पार्श्वभूमी म्हणून लावलेला फोटोही ब्राउझरला असाच उशिरा सापडतो. फोटोच्या टॅगमध्ये रुंदी-उंची लिहिलेली असू द्या, म्हणजे तो उतरताना खालचा मजकूर उडी मारणार नाही.

निळीशाई

वरचं सगळं बरोबर आहे, पण या साइटचं दुखणं पहिल्या परिच्छेदातच सांगून झालंय: ‘आमच्या सेवा’ हे एकच पान.

गुगल निकालांत साइट दाखवत नाही, पान दाखवतो. ‘सोफ्याचं कापड बदलणे’ शोधणाऱ्याला तुमच्याकडचं कुठलं पान द्यायचं? जिथे सोफा, पॉलिश, वेताच्या खुर्च्या आणि पलंगाचे सांधे यांना प्रत्येकी दोन ओळी आहेत ते? त्या शोधापुढे दुसऱ्या कुणाचं फक्त सोफ्यावरचं पूर्ण पान उभं असतं. म्हणून पहिलं काम: ज्या कामासाठी लोक वेगळे येतात, त्या प्रत्येक कामाला वेगळं पान. सगळी एकदम नकोत. ज्या कामाच्या चौकशा जास्त येतात, त्याचं एक पान आधी नीट करा.

‘नीट’ म्हणजे काय ते सोफ्यावरच दाखवतो. आत्ता बहुतेक साइटवर असं असतं: ‘आम्ही उत्कृष्ट दर्जाची सोफा दुरुस्ती सेवा वाजवी दरात देतो. ग्राहकांचं समाधान हेच आमचं ध्येय.’ यात शोधणाऱ्याला हवी असलेली एकही माहिती नाही, आणि हेच वाक्य हजार साइटवर आहे. त्याऐवजी फोनवर गिऱ्हाईक जे विचारतं ते लिहा. कुठले सोफे घेता, रिक्लायनर घेता का, कोपऱ्यातले एल आकाराचे घेता का. आतली चौकट मोडली असेल तर तीही दुरुस्त होते का. फोम कुठल्या घनतेचा घालता, बसण्याच्या भागाला आणि पाठीला वेगळा का. कापड तुमचं की गिऱ्हाइकाचं, आणि तीन जणांच्या सोफ्याला किती मीटर लागतं. काम घरी येऊन होतं की सोफा न्यावा लागतो. किती दिवस. दर कशावर ठरतो. आकडा द्यायचा नसेल तर निदान कशाने वाढतो आणि कशाने कमी होतो ते तरी लिहा. आणि कुठल्या सोफ्यावर खर्च करण्यात अर्थ नसतो तेही सांगा, ते फारसं कुणी लिहीत नाही. खाली त्याच कामाचे आधीचे-नंतरचे फोटो, प्रत्येकाच्या ऑल्टमध्ये (फोटोच्या वर्णनाच्या रकान्यात) फोटोत जे दिसतं ते सरळ वाक्यात. ‘सोफा सोफा-दुरुस्ती स्वस्त-सोफा’ अशी माळ नको. शेवटी फोन नंबर, मजकूर म्हणून आणि टिचकी मारली की लागेल असा. नंबर चित्रात घातला तर तो मोबाइलवर दाबता येत नाही.

किती शब्द, असा प्रश्न येतोच. शब्दसंख्येचं बंधन नाही. वरच्या प्रश्नांची उत्तरं ज्यात बसतील तेवढे.

टायटल, म्हणजे निकालांत दिसणारं पानाचं नाव. आत्ता बहुधा ‘सेवा – व्यवसायाचं नाव’ असं असेल. ‘सेवा’ कुणी शोधत नाही. ‘सोफ्याचं कापड व फोम बदलणे, शहराचं नाव – व्यवसायाचं नाव’ असं करा. अक्षरांची ठरावीक मर्यादा नसते, गुगल पडद्यावरच्या रुंदीप्रमाणे कापतो. देवनागरीत जोडाक्षरांमुळे अक्षरं मोजणं तसंही फसवं. महत्त्वाचे शब्द आधी आणि नाव शेवटी, म्हणजे कापलं तरी नुकसान नाही. 2021 पासून गुगल बऱ्याचदा टायटल बदलून दाखवतो. त्याने तुमचं बदललं तर पानावरचं मुख्य शीर्षक आणि टायटल एकमेकांशी जुळतात का ते आधी बघा. सगळ्या पानांना एकच टायटल असेल किंवा शब्दांची रांग असेल, तर तो बदलणारच.

मेटा डिस्क्रिप्शनने (निकालात टायटलखाली येणाऱ्या वर्णनाने) क्रम बदलत नाही, टिचक्या वाढू शकतात. दोन सरळ वाक्यं लिहा आणि सोडून द्या. गुगलला वाटलं तर पानातलंच दुसरं वाक्य उचलतो.

नवं पान तयार झालं की मुखपृष्ठावरून आणि संबंधित ब्लॉगपोस्टमधून त्याला लिंक द्या. लिंकवर ‘इथे क्लिक करा’ नको, ‘सोफ्याचं कापड बदलणे’ असे शब्द हवेत. ‘आमच्या सेवा’ पान काढू नका. त्यावर प्रत्येक कामाची एक ओळ आणि लिंक ठेवा.

लोक काय शब्द वापरतात याचा अंदाज बांधत बसू नका. सर्च कन्सोल → परफॉर्मन्स → क्वेरीज. व्यवसायाचं नाव असलेल्या क्वेरी (लोकांनी टाकलेले शोध) गाळा आणि इंप्रेशनप्रमाणे (निकालांत किती वेळा दिसलात त्याप्रमाणे) लावा. जिथे इंप्रेशन आहेत आणि क्रमांक 8 ते 30 च्या मधे आहे, तिथे गुगलने तुम्हाला अर्धंमुर्धं ओळखलेलं असतं. ती पानं आधी घ्या. देवनागरी, रोमन लिपीतलं मराठी आणि इंग्रजी अशा तिन्ही तऱ्हा दिसतील. प्रत्येक तऱ्हेला वेगळं पान करायचा मोह टाळा, एकाच गोष्टीची वेगळी लेखनं गुगल बऱ्यापैकी जुळवतो.

आणि एक सापळा: शहराच्या प्रत्येक भागाचं नाव बदलून तेच पान वीसदा छापणे. याला गुगलच्या स्पॅम धोरणात डोअरवे म्हणतात. त्या भागाबद्दल सांगण्याजोगं खरोखर वेगळं काही नसेल तर पान करू नका.

रंधाकरवत

सर्वांचे आभार. यादी उघडली. अनुक्रमणिका म्हणतात तसंच, बहुतेक अटॅचमेंट पानं आणि टॅग आहेत. पण ‘आमच्या सेवा’ही त्यात आहे.

आणखी तीन शंका. भाषा बदलल्यावर वरचा पत्ता बदलत नाही, हे चालेल का? मुखपृष्ठावरची काही मराठी शीर्षकं पेस्ट केल्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी उमटते, त्याने फरक पडतो का? आणि पानं वेगळी करताना पत्ते बदलले तर?

अनुक्रमणिका

पत्ता बदलत नाही म्हणजे निवडलेली भाषा कुकीत साठवली जाते किंवा स्क्रिप्टने मजकूर बदलला जातो. गुगलबॉट (पानं वाचणारा गुगलचा प्रोग्रॅम) कुकी सांभाळत नाही आणि बटणंही दाबत नाही. त्याला जी भाषा आधी दिसते तीच तुमची साइट. दुसरी त्याच्या लेखी अस्तित्वातच नाही. प्रत्येक भाषेला वेगळा पत्ता हवा, उदाहरणार्थ इंग्रजीला पुढे ‘/ईएन/’चा विभाग. मग एचरेफलँगने (भाषेची जोडी सांगणाऱ्या टॅगने) दोन्ही पानं जोडा. मराठी पानावर मराठीचा स्वतःचा आणि इंग्रजीचा, इंग्रजी पानावरही तेच दोन्ही. एकीकडून जोड दिली आणि दुसरीकडून परत दिली नाही तर गुगल ती सोडून देतो, आणि चूक बहुतेकदा इथेच असते. भाषांची प्लगइनं हे आपोआप करतात, तरी पानाचा सोर्स उघडून खात्री करा. पाहुण्याच्या देशावरून किंवा ब्राउझरवरून आपोआप भाषा बदलू नका. गुगलबॉट मुख्यतः अमेरिकेतल्या पत्त्यांवरून येतो आणि पसंतीची भाषा कळवत नाही, म्हणजे त्याला कायम इंग्रजीच दिसत राहील.

भाषांतर यांत्रिक असेल तर ते वाचून दुरुस्त करता येतील तेवढीच पानं दुसऱ्या भाषेत ठेवा.

अक्षरांची खिचडी म्हणजे तो मजकूर युनिकोडमध्ये नाही. जुन्या डीटीपी फाँटमध्ये ‘क’चं चित्र एखाद्या इंग्रजी अक्षराच्या किंवा चिन्हाच्या जागी बसवलेलं असतं. डोळ्यांना मराठी दिसतं, फाइलमध्ये मात्र निरर्थक रोमन अक्षरं असतात आणि गुगल तीच वाचतो. म्हणजे तुमची शीर्षकं, पानावरचा सर्वांत वजनदार मजकूर, त्याच्यापर्यंत पोचलेलीच नाहीत. छपाईसाठी बनवलेल्या पत्रकातून मजकूर उचलला की हे होतं. कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा, पण रफार आणि वेलांटी नजरेखालून घाला. कन्व्हर्टर तिथेच चुकतात. ज्या शीर्षकांची चित्रं केली असतील तीही मजकुरात आणा. हे काम तुम्ही सगळ्यात आधी करावं असं मी म्हणेन, अर्ध्या तासाचं आहे.

पत्ते: कारण नसताना बदलू नका. बदललाच तर जुन्यावरून नव्यावर 301 (कायमचं वळण), थेट त्याच विषयाच्या पानावर. सगळे जुने पत्ते मुखपृष्ठावर ढकलले तर गुगल ते हरवलेल्या पानासारखेच धरू शकतो. वर्डप्रेस पोस्टचा जुना स्लग (पत्त्यातला त्या पानाचा शेवटचा भाग) लक्षात ठेवून वळवतं, ‘पेज’चा मात्र तसा लक्षात ठेवत नाही, म्हणून तिथे रीडायरेक्टचं प्लगइन लागतं. वळण निदान वर्षभर राहू द्या. देवनागरी स्लग चालतो, फक्त कॉपी करताना टक्क्याच्या चिन्हांची लांबलचक रांग होते. पाठवताना ओंगळ दिसतं, क्रमवारीत तोटा नाही.

अटॅचमेंट पानांसाठी एसईओ प्लगइनमध्ये ‘मूळ फाइलवर वळवा’ असा पर्याय असतो, तो चालू करा.

मधलीसुट्टी

‘काम + शहर’ असं शोधल्यावर वर नकाशा आणि तीन नावं येतात. ते तुमच्या साइटवरून नाही, गुगल बिझनेस प्रोफाइलवरून येतं (नोव्हेंबर 2021 पर्यंत याला माय बिझनेस म्हणत). त्याबद्दल अजून कुणी लिहिलेलं दिसत नाही आणि तुमच्यासारख्या व्यवसायाला पहिले फोन तिथूनच येतात.

क्रम तीन गोष्टींवर: शोधाशी जुळणं, अंतर आणि नावलौकिक. अंतर तुमच्या हातात नाही. जुळण्यासाठी सर्वांत वजनदार रकाना म्हणजे मुख्य प्रकार. एक मुख्य आणि आणखी नऊपर्यंत देता येतात, पण सगळे भरायचं बंधन नाही. सोफ्याचं काम जास्त असेल तर मुख्य प्रकार अपहोल्स्टरीचा, ‘फर्निचर दुकान’ नव्हे. तुम्ही फर्निचर विकत नाही.

नावाच्या रकान्यात पाटीवर आहे तेच नाव. ‘अमुक फर्निचर – सोफा दुरुस्ती, पॉलिश, उत्तम दर’ असं केलं की काही दिवस वर गेल्यासारखं वाटतं, मग कुणीतरी तक्रार करतं आणि प्रोफाइल निलंबित होते. सोडवायला कागदपत्रं देत बसावं लागतं.

गिऱ्हाईक तुमच्याकडे येत नसेल, तुम्हीच जात असाल, तर पत्ता लपवा आणि सेवाक्षेत्र द्या. 20 पर्यंत ठिकाणं घालता येतात आणि सगळा परीघ गाडीने साधारण दोन तासांच्या आतला असावा. वर्णनाला 750 अक्षरं आहेत. वेबसाइटचा दुवा मुखपृष्ठाचा ठेवा; फोन आणि वेळा साइटवर आहेत तशाच.

अभिप्राय मागायला हरकत नाही. सवलतीच्या बदल्यात मागणं किंवा आधी ‘खूश आहात का’ विचारून फक्त खूश असलेल्यांनाच दुवा पाठवणं, दोन्ही नियमबाह्य. काम झालं की सगळ्यांना तोच दुवा पाठवा. वाईट अभिप्रायाला दोन ओळींत, न चिडता उत्तर द्या. ते त्या गिऱ्हाइकापेक्षा पुढचे लोक वाचतात.

तळघरसर्व्हर

एजन्सीचा प्रस्ताव राहिला. तिन्ही मुद्दे एकाच वेळी वाईट असणं तसं दुर्मीळच.

मेटा कीवर्ड गुगल क्रमवारीत वापरत नाही, हे त्यांनी 2009 मध्येच जाहीर केलंय. जो आज ते काम म्हणून विकतो त्याला बाकीचंही किती माहीत असेल ते बघा. हमीबद्दल गुगल स्वतःच्या मदतपानांवर लिहितो की पहिल्या क्रमांकाची हमी कुणीच देऊ शकत नाही. अशी हमी पाळण्याची पळवाट ठरलेली असते: कुणी शोधतच नाही असा पाच-सहा शब्दांचा वाक्प्रचार निवडायचा, त्यावर पहिलं यायचं आणि अहवाल पाठवायचा. तुमच्या नावावर तुम्ही आत्ताच पहिले आहात, तेही त्यांच्या खात्यावर मांडलं जाईल.

महिन्याला 500 लिंक म्हणजे मेलेले ब्लॉग, कमेंटचे रकाने आणि आपापसात लिंका देणाऱ्या साइटी. बहुतेक वेळा गुगल त्या मोजत नाही, म्हणजे पैसे पाण्यात. वाईट वेळी मॅन्युअल अ‍ॅक्शन (गुगलच्या माणसांनी केलेली कारवाई) येते; सर्च कन्सोलमध्ये त्या नावाचाच अहवाल आहे. पैसे देऊन घेतलेल्या लिंकला ‘स्पॉन्सर्ड’ किंवा ‘नोफॉलो’ ही खूण (लिंक क्रमवारीत धरू नका, असं सांगणारी) लावावी लागते, आणि ती लावली की क्रमवारीसाठी विकत घेण्यात काही उरत नाही.

तुमच्या जोगत्या लिंका कुठल्या? कापड आणि फोम पुरवणाऱ्यांच्या साइटवर ‘आमचे कारागीर’ असं पान असेल तर तिथे. व्यापारी संघटनेची सभासद यादी. ज्या वास्तुसजावटकारांबरोबर काम करता त्यांच्या प्रकल्पाच्या पानावर. अशा पाच-सात मिळाल्या तरी त्या पाचशेंपेक्षा बऱ्या.

कुणालाही काम दिलंत तरी डोमेन, होस्टिंग, सर्च कन्सोल आणि बिझनेस प्रोफाइलची मालकी तुमच्या खात्यावर असू द्या. त्यांना फक्त वापरकर्ता म्हणून जोडा. भांडण झाल्यावर पासवर्ड मागत फिरायला नको. सर्च कन्सोलमध्ये ‘डोमेन’ प्रकारची नोंद करा, डीएनएसमध्ये एक टीएक्सटी ओळ घालून होते. त्यात एचटीटीपी, एचटीटीपीएस, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह आणि विना, सगळं एकत्र दिसतं.

कागदीबाण

वाचनखूण साठवली. एक विचारतो: वेगवेगळ्या कामांची पानं एआयकडून लिहून घेतली तर गुगल शिक्षा करतो का? आणि स्कीमा (पानावरची माहिती गुगलला ठरावीक साच्यात सांगणारा कोड) लावायला सांगतात ते किती गरजेचं?

निळीशाई

कशाने लिहिलं यावर शिक्षा नाही. मार्च 2024 च्या धोरणात जे बसतं ते म्हणजे क्रमवारीसाठी, वाचणाऱ्याला फारसा उपयोग नसलेली पानं ढिगाने काढणं, मग ती माणसाने लिहिलेली असोत की यंत्राने. एआयला तुमच्या फोमची घनता, तुमचे दिवस, तुमच्या अटी माहीत नाहीत. त्या तुम्ही दिल्यात तर वाक्यं जुळवायला वापरा. नाही दिल्यात तर ‘ग्राहकांचं समाधान’ तेवढं परत मिळेल.

स्कीमा: लोकलबिझनेसचा एक तुकडा, जेसन-एलडीमध्ये, मुखपृष्ठावर किंवा संपर्काच्या पानावर. नाव, पत्ता, फोन, वेळा. सगळं पानावर दिसतं तेच. त्याने क्रम वाढत नाही, ओळख पटायला मदत होते. स्वतःच्या साइटवरच्या अभिप्रायांना स्कीमा लावून निकालात चांदण्या आणायची सोय अशा व्यवसायांसाठी 2019 मध्ये बंद झाली. प्रश्नोत्तरांचा स्कीमाही लावू नका. तो विस्तारित निकाल ऑगस्ट 2023 मध्ये सरकारी आणि आरोग्याच्या मान्यवर साइटींपुरता आवळला गेला. प्रश्नोत्तरं पानावर जरूर ठेवा, वाचणाऱ्यासाठी.

रंधाकरवत

एजन्सीला नकार कळवतो. शीर्षकं युनिकोडमध्ये आणून सोफ्याचं पान लिहायला घेतो. फरक पडतोय की नाही ते कधी आणि कशावरून बघायचं?

अनुक्रमणिका

पान चढवल्यावर यूआरएल इन्स्पेक्शनमधून एकदा विनंती करा. इंडेक्समध्ये यायला काही तासांपासून काही आठवडे लागू शकतात. क्रमवारीतला बदल त्याहून सावकाश. अशा कामाचा फायदा दिसायला चार महिने ते वर्ष लागतं असं गुगलही सांगतो. त्यामुळे दर दोन दिवसांनी टायटल बदलू नका, कशाने काय झालं ते कळणार नाही. कुठल्या पानावर कोणत्या तारखेला काय बदललं याची एक वही ठेवा. सर्च कन्सोल 16 महिन्यांचाच डेटा देतं, म्हणून मधूनमधून एक्स्पोर्टही करून ठेवा.

स्वतः गुगलमध्ये शोधून क्रमांक बघू नका. तुम्ही कुठे बसला आहात आणि आधी काय शोधलंय, त्यावर निकाल हलतो. परफॉर्मन्समध्ये त्या एका पानाचा फिल्टर लावा, नावाच्या क्वेरी गाळा आणि मागच्या 28 दिवसांची त्याआधीच्या 28 शी तुलना करा. पहिल्यांदा वाढतात ती इंप्रेशन, टिचक्या मागून.

सरासरी क्रमांकाच्या आकड्याने मात्र फसू नका. पान नव्या नव्या शोधांना दिसायला लागलं की सुरुवातीला तिथे ते 50–60 व्या जागी असतं, त्यामुळे सगळ्यांची सरासरी खाली जाते, आणि त्याच आठवड्यात टिचक्या वाढलेल्या असतात. क्रमांक बघायचाच तर एकेका क्वेरीचा वेगळा बघा.